सप्ताहासाठी बेस स्पीकर घ्यायचाय, जनरेटर लहान आहे. सल्ला द्या

जांबोटीकर:
राम कृष्ण हरी मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात सप्ताह असतो. बुवांचा आवाज आणि टाळ कॉलममधून स्पष्ट येतात, खरं मृदंगाच्या धुमेचा (डाव्या, खर्जाच्या बाजूचा) आवाज मागं बसलेल्यांपर्यंत पोचतच नाही. जनरेटर 2 केव्हीएचा, मांडवातले दिवेही त्याच्यावरच. बेळगावात दोन ड्रायव्हर (पेटीत बसवायचे सुटे स्पीकर) बघितले. एक 12 इंची, कारमधला सबवूफर: वर 2000 वॅट लिहिलंय, मॅग्नेट केवढं तरी मोठं. दुसरा 15 इंची, स्टेजचा, 400 वॅट. पेटी गावातल्या सुताराकडून करून घेणार. कुठला घेऊ?

निपाणीकर:
15 इंची घ्या. वॅट म्हणजे ड्रायव्हर किती वीज सोसतो ते, आवाज किती देतो ते नव्हे.

चिकोडी_साउंड:
निपाणीकरांचं बरोबर आहे, कारण सांगतो. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ बघा ओ, 1 वॅटला 1 मीटरवर किती डेसिबल. कारचा सबवूफर 88 च्या आसपास असेल आणि स्टेजचा 98, तर 10 डेसिबलचा फरक पडला. म्हणजे जो आवाज स्टेजवाला 100 वॅटमध्ये देईल, त्याला कारवाल्याला 1000 वॅट लागतील. तुमच्या जनरेटरवर ते कुठून आणणार?

हे असं का होतं? धुमेला कणीक लावली की स्वर खाली उतरतो, तसंच कारच्या सबवूफरचा कोन (पुढं-मागं हलणारा पडदा) मुद्दाम जड करतात. लहान पेटीतली हवा स्प्रिंगसारखी आवळते आणि अनुनाद (कोनचा स्वतःचा स्वर) वर ढकलते, तो पुन्हा खाली आणायला वजन वाढवावं लागतं. पण हलणारं वजन दुप्पट केलं आणि बाकी काही बदललं नाही, तर कार्यक्षमता चौथाईवर येते. शिवाय कोन लांबवर हलावा म्हणून कॉइल (कोनला जोडलेलं तारेचं वेटोळं) उंच ठेवतात. मॅग्नेटच्या फटीत तिचा थोडाच भाग असतो, उरलेला नुसता तापतो. तापलं की तांब्याचा रोध वाढतो आणि आवाज आणखी पडतो. लहान पेटी, खोल बेस आणि कमी वीज, तिन्ही एकदम मिळत नाहीत. हॉफमनचा नियम म्हणतात त्याला. तुमच्याकडं मांडवात जागा आहे, वीज नाही. तेव्हा पेटी मोठी करा.

शहापूरकर:
मग मोठ्या मॅग्नेटचा 15 इंची घ्यावा. जास्त मॅग्नेट, जास्त बेस.

चिकोडी_साउंड:
शहापूरकर, तसं सरळ नाही. मॅग्नेट जोरदार केलं की वरचा बेस वाढतो, पण कोनला लगाम बसून खालचा लवकर उतरायला लागतो. आणि मॅग्नेटचा आकार बघून जोर कळत नाही, निओडिमियमचं लहान असूनही ताकदवान असतं. पत्रकात एफएस (ड्रायव्हरचा स्वतःचा अनुनाद), क्यूटीएस (कोनला लगाम किती ते) आणि व्हीएएस (कोनच्या लवचिकतेइतकी हवा किती लिटर ते) हे तीन आकडे बघा. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढं रिचर्ड स्मॉल यांनी जे गणित मांडलं, त्यावरून पेटीचं माप निघतं. ज्याचं पत्रक दुकानदार देत नाही तो ड्रायव्हर घेऊ नका.

भजनाला 30 हर्ट्झइतका खोल स्वर लागत नाही. पोर्टची (हवेसाठी नळी ठेवलेली) पेटी 45–50 हर्ट्झला जुळवा. एक सप्तक खाली तेवढाच आवाज काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं, कशाला तो खर्च? पोर्ट ज्या स्वराला जुळवलाय त्याच्या खालच्या स्वरांना पेटी कोनला आधार देत नाही, म्हणून 40 हर्ट्झच्या खालचं फिल्टरनं कापा. नाहीतर माइकला हात लागला तरी कोन फडफडतो.

निपाणीकर:
पैसे जमले तर तसाच दुसरा 15 इंची घ्या आणि दोन्ही पेट्या चिकटून ठेवा. तेवढ्याच विजेत सुमारे 3 डेसिबल जास्त मिळतात. एकच असेल तर देवळाच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा, त्यानंही बेस वाढतो. आणि काकड्याला बाहेरचे स्पीकर नकोत, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमानं रात्री 10 ते सकाळी 6 बंद.

जांबोटीकर:
15 इंची ठरलं. पत्रक मिळालं की इथंच टाकतो. प्लायवूड 12 मिमी चालेल काय?

चिकोडी_साउंड:
18 मिमीच घ्या, आत आडव्या पट्ट्या मारायला सांगा. फळी हलली की बेस तिथंच वाया जातो.