मदत हवी आहे: फिजिओथेरपीसाठी मुलीने वर्षभर थांबावं का?

नमस्कार. मुलगी साताऱ्यात बारावी सायन्सला आहे. आजीला पक्षाघात झाल्यावर फिजिओथेरपीच्या ताई रोज घरी यायच्या. तीन महिन्यांनी आजी काठी टेकत अंगणात आली, तेव्हापासून हिने हेच ठरवलंय. बीपीटीएचला (फिजिओथेरपीच्या पदवीला) आपल्याकडे नीट ही प्रवेश परीक्षा लागते, प्रवेश राज्याच्या सीईटी सेलकडून होतो, एवढं कळलं. पण शासकीय जागा मोजक्याच, खासगीची फी आम्हाला जड. नंबर लागला नाही तर पुन्हा नीट परीक्षा द्यावी, की ऑक्युपेशनल थेरपी (रुग्णाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) घ्यावी? तो वेगळाच व्यवसाय आहे, नाइलाजाने घेणं मला पटत नाही. खासगी कॉलेज निवडताना काय बघावं? माझ्या मते कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आणि पेशंटची वर्दळ हवीच. इंटर्नशिप केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.