प्रतिसाद: सेफ्टी ऑफिसर आणि ट्रेमधलं पोटॅशियम

ताई, तुम्ही विचारलंत, पेशंट सेफ्टी ऑफिसर म्हणजे नुसते फॉर्म भरणारा का? मुळीच नाही. हॉस्पिटलमध्ये चुकीने पेशंटला इजा होऊ नये, हे बघणं हे त्यांचं काम. मी मुंबईत वॉर्डात सिस्टर आहे. एकदा नाइट ड्यूटीला इंजेक्शनची पावडर विरघळवायच्या डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडचं अ‍ॅम्प्यूल (औषधाची छोटी बंद कुपी) निघालं. ते पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. सिरिंज भरण्याआधी लेबल वाचलं, म्हणून निभावलं. घाबरतच कळवलं. आमच्या ऑफिसर मॅडमनी ‘कोणी ठेवलं?’ असं विचारलंच नाही. दोन्ही अ‍ॅम्प्यूल शेजारी ठेवून पाहिली, दिसायला सारखीच, आणि दुसऱ्याच दिवशी पोटॅशियम वेगळ्या कपाटात, कुलुपात ठेवायला लावलं. मेमोची भीती असती तर मी गप्पच बसले असते, खरं सांगते. आणि इंजेक्शन कसलं आहे हे नातेवाइकांनीही जरूर विचारावं, आम्हाला राग येत नाही.