मदत हवी आहे: जूनमध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याने जहाजप्रवास, सोलापूरहून सहा जण

विजापूर वेस

पुढच्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गनपासून वर उत्तरेला जहाजाने जायचं घरात ठरतंय. आम्ही सहा जण आहोत: सासरे ६९, सासूबाई ६४, आम्ही दोघं आणि मुलं ९ व १३ वर्षांची. मुलांची शाळा १५ जूनला उघडते आणि आमची रजा जास्तीत जास्त १२ दिवसांची. सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही, शिवाय घाटात गाडी लागते.

मोठं क्रूझ घ्यावं की किनाऱ्याने बंदरं घेत जाणारं जहाज? जून बरा की जुलै? जाऊन-येऊन पूर्ण फेरी जमेल का? सहा जणांच्या व्हिसाची तयारी कधीपासून धरायची? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, कारण बुकिंगला मोठी रक्कम अडकणार आहे.

सात रस्ता

ताई, आधी जहाजाचा प्रकार ठरवा, बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

मोठी क्रूझ जहाजं बऱ्याचदा जर्मनीतून किंवा इंग्लंडमधून सुटतात आणि आठवड्यात चार-पाच बंदरं घेतात. पोहायचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम, मुलांची खेळायची जागा सगळं असतं. किनाऱ्याचं जहाज वेगळं. ही सेवा १८९३ साली ट्रोन्हैम ते हामरफेस्ट अशी सुरू झाली, पुढे ती बर्गन ते किर्केनेस झाली. आज हुर्टिग्रुटेन आणि हाविला या दोन कंपन्या ती चालवतात. वाटेत ३४ बंदरं. काही ठिकाणी जहाज जेमतेम पंधरा मिनिटं थांबतं, माल उतरतो, गावातली माणसं चढतात-उतरतात, की निघालं. करमणूक म्हणजे खिडकीबाहेरचा किनारा. पण बेटांच्या आतून, दोन्ही बाजूंना डोंगर ठेवून ते इतकं जवळून जातं की डेकवर नुसतं उभं राहिलं तरी दिवस पुरत नाही. किनारा बघायला जायचं असेल तर माझं मत निःसंशय याच जहाजाला. मुलांसाठी दुर्बीण, पत्ते आणि नकाशा सोबत ठेवा. नकाशावर बंदरं खुणावत जाण्यात नऊ वर्षांचं मूल चांगलं रमतं.

पूर्ण फेरी ११ रात्रींची, म्हणजे विमानप्रवास धरून १४-१५ दिवस. तुमच्या रजेत बसत नाही. बर्गन ते किर्केनेस एकाच बाजूने जा, ६ रात्री होतात, आणि परत येताना किर्केनेसहून ओस्लोला विमान धरा.

तारखेचं म्हणाल तर शाळेमुळे तुमचा काळ आपोआप ठरलाय आणि तो चांगला आहे. जहाज गेइरांगर फ्योर्डमध्ये (डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात) आत शिरतं ते साधारण जून ते ऑगस्ट एवढंच, म्हणून मे अखेरची तारीख घेऊ नका. मध्यरात्रीचा, म्हणजे रात्रीही न मावळणारा सूर्य ट्रोम्सोत २० मे ते २२ जुलै, बोडोत ४ जून ते ८ जुलै. जूनच्या सुरुवातीला डोंगरमाथ्यावर बर्फ शिल्लक असतो, तो वितळत असल्यामुळे गेइरांगरचे धबधबे भरून वाहतात. जुलैअखेर तेच बारीक होतात. थंडी मात्र जुलैपेक्षा थोडी जास्त.

आराखडा असा बसतो. ३१ मे मुंबईहून उड्डाण. १ जूनचा दिवस बर्गनमध्ये मोकळा ठेवाच. विमान चुकलं किंवा बॅग मागे राहिली तर जहाज कुणासाठी थांबत नाही आणि पुढच्या बंदरावर त्याला गाठायचा खर्च आपल्या खिशातून. २ जूनला संध्याकाळी जहाजावर. ३ ला ओलेसुंड आणि गेइरांगर. ४ ला सकाळी ट्रोन्हैम. ५ ला सकाळी आर्क्टिक वर्तुळ (६६ अंश ३३ मिनिटं), दुपारी बोडो, संध्याकाळी लोफोतेन बेटं. ६ ला दुपारी ट्रोम्सो. ७ ला हॉनिंग्सवॉग, तिथून बसने नॉर्डकॅप, समुद्रापासून ३०७ मीटर उंच कडा. ८ ला सकाळी किर्केनेस. ९ चा दिवस ओस्लोत, १० ला परतीचं विमान, ११ ला मुंबई. बारा दिवस बरोबर भरतात. कुठल्या तारखेला कुठलं जहाज आणि त्या फेरीत गेइरांगर आहे का, हे वेळापत्रकात बघूनच पैसे भरा.

जुळे सोलापूर

आराखडा चांगला आहे, पण दुसरी बाजूही सांगतो. दक्षिणेकडे येणारी फेरी ५ रात्रींची. उत्तरेला जाताना जी बंदरं रात्री लागतात ती येताना दिवसा लागतात. व्हेस्टरॉलेनचा अरुंद जलमार्ग, रॉफ्टसुंडची सामुद्रधुनी, ‘सात बहिणी’ नावाची शिखरांची रांग आणि मधोमध आरपार भोक असलेला टोर्गहाटेन डोंगर हे सगळं येतानाच नीट दिसतं. गेइरांगर मात्र हुकतं, आणि नॉर्डकॅपचं बंदर भल्या पहाटे लागतं. धबधबे हवे असतील तर सात रस्ता म्हणतात तेच. त्या दिवसांत लोफोतेनच्या पुढे रात्रही उजेडाचीच असते, त्यामुळे उत्तरेच्या फेरीतही कमी दिसत नाही.

रजा आणखी दोन दिवसांनी घटली तर ट्रोम्सोला उतरा. बर्गनपासून ४ रात्री होतात आणि ट्रोम्सोहून ओस्लोला विमानं भरपूर. नॉर्डकॅप तेवढा सोडावा लागेल.

उत्तरेचा प्रकाश, म्हणजे आकाशातले हिरवे पडदे, जूनमध्ये दिसत नाहीत. अंधारच नसतो. एजंट कुणी तसं सांगत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नका.

होटगी रोड

व्हिसाचं लिहितो. नॉर्वे शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे. विमान आधी फ्रँकफर्टला किंवा ॲमस्टरडॅमला उतरणार असलं तरी मुक्काम नॉर्वेत जास्त, म्हणून अर्ज नॉर्वेचाच. नॉर्वेच्या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येकाचा वेगळा अर्ज भरायचा, फी तिथेच कार्डाने भरायची, मग मुंबईच्या व्हीएफएस केंद्राची (जिथे व्हिसाचे कागद आणि ठसे देतात) वेळ घ्यायची. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी डिसेंबरपासून. जानेवारी-फेब्रुवारीत करून टाका. नियमाने १५ दिवस आधीपर्यंत चालतो, पण मार्चनंतर सगळा महाराष्ट्र युरोपला निघतो आणि सहा जणांना एकाच दिवशीची वेळ मिळत नाही.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षांपासून १२ वर्षांच्या आतल्या मुलांना निम्मी. १३ वर्षांच्या मुलाला पूर्ण लागते, इथे बरेच जण हिशोबात चुकतात. तुमचे ५ गुणिले ९० अधिक ४५, एकूण ४९५ युरो, वर केंद्राचा सेवाआकार. १२ वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, बाकी पाचही जणांना समक्ष जावं लागेल. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोचणं सोयीचं. वंदे भारतने जाणार असाल तर वेळ दुपारी दोननंतरची घ्या.

अर्ज अडकतात ते बहुधा कागदांमुळे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दहा वर्षांच्या आत दिलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, ते आजच काढून बघा. माणशी दिवसाला ५०० क्रोन (नॉर्वेचं चलन) एवढी ऐपत दाखवावी लागते. सहा जणांचे बारा दिवसांचे ३६,००० क्रोन होतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, ती कुठून आली हे विचारतात. सासऱ्यांची पेन्शन त्यांच्या स्वतःच्या खात्याच्या उताऱ्यात दिसू द्या. मुलांचे जन्मदाखले इंग्रजीत हवेत, महापालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असेल तर काम झालं.

विमा कमीत कमी ३०,००० युरोचा. सासऱ्यांचा बीपी त्यात लिहा. लपवला आणि तिथे दवाखाना लागला तर दावा फेटाळतात.

अजून एक. मोठं क्रूझ इंग्लंडहून सुटणारं निवडलंत तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल, आणि मध्ये शेंगेनबाहेर जाऊन परत आत यायचं असेल तर एका प्रवेशाचा व्हिसा पुरणार नाही. स्वालबार्ड जोडायचा मोह झाला तरी तेच, ती बेटं नॉर्वेची असूनही शेंगेनमध्ये नाहीत. बर्गन-किर्केनेसला एक प्रवेश पुरतो. किर्केनेसजवळ रशियाची सीमा आहे. तिथल्या खुणेच्या खांबांपलीकडे फोटोसाठीसुद्धा पाऊल टाकायचं नाही, दंड होतो. मुलांना आधीच सांगून ठेवा.

विजापूर वेस

सगळ्यांचे मनापासून आभार. सात रस्ता यांचा आराखडा घरात सगळ्यांना पटला. आता बोट लागण्याचं आणि केबिनचं कुणी सांगाल का? आणि सासूबाईंचं जेवण?

कंबर तलाव

बराचसा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो, तिथे पाणी शांत असतं. उघडा समुद्र मोजक्या ठिकाणी लागतो. पहिल्या रात्रीनंतर पहाटे स्टाटचं टोक, दुसऱ्या रात्री हुस्टाडविका, बोडोहून लोफोतेनला जाताना साधारण चार तास वेस्टफ्योर्ड, आणि नॉर्डकॅपच्या पुढे शेवटची रात्र. जूनमध्ये समुद्र बहुधा सौम्य असतो, तरी ही चार ठिकाणं लिहून ठेवा.

केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या. जहाज डोलतं तेव्हा टोकं आणि वरचे मजले जास्त हलतात, मधला भाग कमी. वरची महाग केबिन म्हणजे आरामाची असं इथे होत नाही. सासू-सासऱ्यांना खिडकीवाली द्या, क्षितिज दिसलं की मळमळ कमी होते. ‘मर्यादित दृश्य’ लिहिलेल्या केबिनसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते, ती टाळा. तुम्ही चौघं आतली, बिनखिडकीची घेतलीत तरी बिघडत नाही. पैसे वाचतात आणि चोवीस तास उजेड असताना झोप लागते. बघायला मोठ्या काचांची बैठकीची जागा सगळ्यांना खुली असते. दोन्ही केबिन शेजारी-शेजारी हव्यात हे बुकिंगलाच सांगा.

ॲव्होमिनसारखी मळमळीवरची गोळी उघड्या समुद्राच्या तास-दोन तास आधी घ्यायची, स्टाटसाठी झोपताना. ओकारी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही, म्हणून ‘बघू लागलं तर’ असं करू नका. तिने झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर चालेलच असं नाही. सासऱ्यांसाठी आणि मुलांच्या मात्रेसाठी डॉक्टरांना विचारूनच घ्या. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको.

या किनारी जहाजांवर डॉक्टर नसतो. कर्मचाऱ्यांना प्रथमोपचार येतात, पुढचं सगळं बंदरावरच्या दवाखान्यात. बीपीच्या गोळ्या पाच-सहा दिवसांच्या जास्त घ्या, इंग्रजी चिठ्ठीसकट, आणि हातातल्या पिशवीत.

कपड्यांना सोलापूरचा मे विसरून जा. आपल्याकडे ४२-४३ अंश असताना नॉर्डकॅपला ५ ते १० अंश आणि बोचरा वारा. आतून थर्मल, मध्ये लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, वरून वारा-पाऊस अडवणारं जाकीट. सुती कपडा भिजला की अंगावर गार पडतो आणि वाळत नाही. कानटोपी, हातमोजे, झोपताना डोळ्यांवर पट्टी. चादरी नेऊ नका, वजन फुकट जातं, केबिन उबदार असते. प्लग दोन गोल पिनांचा युरोपियन लागतो, आपली तीन पिनांची कॉर्ड बसत नाही.

सात रस्ता

जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि फक्त ‘शाकाहारी’ लिहू नका. तिथे काही जण मासे खाणाऱ्यालाही शाकाहारी समजतात. ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध-दही-चीज चालतं’ असं तोडून लिहा. जहाजावर चढल्यावर पहिल्याच जेवणाला पुन्हा सांगा. ब्रेड, सॅलड, बटाटे, सूप मिळेल, पण सहा दिवस तेच तेच होतं. म्हणून घरचं थोडं असू द्या.

विजापूर वेस

शेंगाचटणी, कडक भाकरी आणि तूप नेऊ ना? आणि नात्यातल्यांसाठी पेढे?

होटगी रोड

शेंगाचटणी आणि भाकरी बिनधास्त न्या. चटणी दोन पिशव्यांत घट्ट बांधा, तेल सुटतं. तूप आणि पेढे नकोत. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. कच्चे बटाटेही चालत नाहीत. पेढ्यांऐवजी शेंगदाण्याची चिक्की न्या, तुपाशिवाय केलेली.