‘आशिया’ या नावाचे मूळ काय, आणि जंबुद्वीप म्हणजेच आशिया का?

प्रश्न : कृष्णाकाठ

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. अमेरिका खंडाला अमेरिगो व्हेस्पुची या दर्यावर्दीचे नाव मिळाले आणि ते १५०७ साली छापलेल्या एका नकाशातून रूढ झाले, हे मुलांना सांगता येते. मात्र ज्या खंडात आपण राहतो त्याला ‘आशिया’ हे नाव कोणी आणि का दिले, असे विचारले की माझे उत्तर अपुरे पडते. समाजमाध्यमांवर याविषयी दोन मते सारखी फिरत असतात. एका मतानुसार हा शब्द संस्कृत ‘उषा’ या शब्दावरून आला. दुसऱ्या मतानुसार आशिया हे आपल्या जंबुद्वीपाचेच परकीयांनी बदललेले नाव आहे. घरी पूजेच्या संकल्पात ‘जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे’ असे आपण म्हणत आलो असल्याने दुसरे मत मुलांना चटकन पटते. चीन आणि जपानमधील लोक या खंडाला काय म्हणतात, आणि हिंदीत ‘एशिया’ असताना मराठीत ‘आशिया’ कसे, हेही जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : मातीची पाटी

आपण प्रश्न विचारलात याचा फार आनंद झाला, कारण या नावाचा प्रवास लेखी पुराव्यांच्या आधारे बराच मागे नेता येतो. आज चार कोटी चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराच्या खंडाला असलेले हे नाव आरंभी पश्चिम तुर्कस्तानातील एका लहानशा प्रदेशाचे होते.

सर्वांत जुना धागा प्राचीन तुर्कस्तानातील हित्ती साम्राज्याच्या कागदपत्रांत, म्हणजे मातीच्या पाट्यांवर सापडतो. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० च्या आसपास तुधलिया नावाच्या हित्ती राजाने आपल्या राज्याच्या पश्चिमेकडील ‘अस्सुवा’ नावाच्या देशसमूहावर स्वारी केली. त्याच्या वृत्तांतात या समूहातील सुमारे बावीस प्रदेशांची यादी दिलेली आहे, आणि तिच्या शेवटी येणारी ‘विलुसिया’ व ‘तरुइसा’ ही नावे ट्रॉयच्या परिसराची असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. या स्वारीला आणखी एक साक्षीदार मिळाला तो १९९१ साली. हित्तींची राजधानी हत्तुशा येथील सिंहद्वाराजवळ रस्त्याचे काम चालू असताना काशाची एक तलवार सापडली, आणि तुधलियाने अस्सुवा देशाचा पाडाव केल्यानंतर आपल्या स्वामीला, म्हणजे वादळाच्या देवाला, या तलवारी अर्पण केल्याचा मजकूर तिच्यावर अक्कादी या मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) प्राचीन भाषेत कोरलेला आहे. नावाच्या इतिहासात असा हाती धरता येणारा पुरावा क्वचितच लाभतो.

हेच नाव एजियन समुद्राच्या पलीकडे ग्रीकांच्या कानावर पडलेले दिसते. ग्रीसमधील पायलोस येथील राजवाडा इसवी सनापूर्वी सुमारे १२०० मध्ये जळाला आणि त्या आगीत तेथील हिशेबाच्या मातीच्या पाट्या भाजून टिकून राहिल्या. त्यांवरील प्राचीन ग्रीक भाषेची रेखीय ‘ब’ (लिनिअर बी) लिपी मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडली. सुगंधी तेलाच्या नोंदींत तेथे ‘पोत्निया आस्विया’ अशी एक देवी येते, आणि तिच्या नावाचा अर्थ ‘आस्वियाची स्वामिनी’ असा घेतला जातो. पुढे ग्रीक भाषेच्या आयोनी बोलीतून ‘व’ हा ध्वनी लोपला, त्यामुळे ‘आस्विया’चे ‘आसिया’ होणे भाषेच्या नियमांना धरूनच आहे. होमरच्या ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात केस्टर नदीच्या प्रवाहांलगतच्या ‘आसियन’ कुरणाचा उल्लेख आहे, जेथे हंस आणि करकोचे थव्याथव्यांनी उतरतात. ही नदी आज कुचुक मेंदेरेस या नावाने ओळखली जाते आणि प्राचीन इफेसस नगर तिच्याच मुखाशी वसलेले होते. म्हणजे होमरच्या काव्यात हे नाव एका नदीकाठच्या कुरणापुरतेच दिसते.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसपर्यंत येईतो चित्र पालटले होते. इराणी साम्राज्य आयोनियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या पश्चिम, किनाऱ्यापासून सिंधूपर्यंत पसरलेले असल्याने किनाऱ्यामागील सर्वच भूमीला ग्रीक लोक आशिया म्हणू लागले होते. हिरोडोटस आपल्या चौथ्या ग्रंथात स्पष्ट विचारतो, की पृथ्वी एकच असताना तिला लिबिया, आशिया आणि युरोपा अशी तीन स्त्रियांची नावे का दिली गेली. ग्रीकांच्या मते आशिया ही पुराणकथेतील प्रोमिथियसची पत्नी होती, तर पश्चिम तुर्कस्तानातील लिडियाचे लोक म्हणत की हे नाव कोटिसचा पुत्र आसिएस याच्यावरून आले आणि सार्डिस नगरातील एक कुळही त्याच्याच नावाने ओळखले जाते. मला यांतील लिडियन लोकांची हकिगत अधिक मोलाची वाटते, कारण आसिएस खरोखर होऊन गेला असो वा नसो, हे नाव आपल्याच मातीतले आहे ही आठवण त्या प्रदेशातील लोकांनी जपलेली होती.

रोमनांनी तर या नावाचा पुन्हा संकोच केला. पश्चिम तुर्कस्तानातील पर्गामम येथील राजा तिसरा अॅटलस इसवी सनापूर्वी १३३ मध्ये वारला आणि त्याने आपले राज्य मृत्युपत्राने रोमला दिले. त्यातून जो प्रांत उभा राहिला त्याचे अधिकृत नाव ‘आशिया’ होते. बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशियातील ज्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रे लिहिली आहेत, त्या इफेसस, स्मर्ना, सार्डिस इत्यादी सर्व नगरांतील आहेत आणि ही नगरे याच प्रांतात मोडतात. हे ठाऊक नसेल तर तो मजकूर वाचताना चीन आणि भारत डोळ्यांपुढे येतात. एकच शब्द खंडासाठी आणि प्रांतासाठीही वापरात राहिल्यामुळे पाचव्या शतकात इतिहासकार ओरोसियस याच्या लेखनात ‘लघु आशिया’ असा वेगळा शब्दप्रयोग दिसू लागतो.

प्रतिसाद : पूर्वरंग

वरील विवेचनाला जोडून व्युत्पत्तीविषयी थोडे लिहितो. अनेक कोशांत आणि संकेतस्थळांवर असे आढळते की अक्कादी भाषेतील ‘बाहेर पडणे, उगवणे’ या अर्थाच्या ‘आसू’ या धातूवरून आशिया, म्हणजे सूर्योदयाची भूमी, आणि ‘आत शिरणे, मावळणे’ या अर्थाच्या ‘एरेबू’वरून युरोप, म्हणजे सूर्यास्ताची भूमी, अशी जोडी बनली. ही जोडी इतकी सुबक आहे की ती खरी असावी असेच वाटते, परंतु नकाशा समोर ठेवला की अडचण दिसते. अक्कादी बोलणारे लोक मेसोपोटेमियात राहत होते आणि अस्सुवा त्यांच्या वायव्येला, मावळतीच्या बाजूला होता. ज्या दिशेला सूर्य मावळतो तेथील प्रदेशाला त्यांनी उगवतीचे नाव द्यावे हे संभवत नाही. हे नाव एजियन समुद्रात फिरणाऱ्या सेमिटिक नाविकांनी दिले, असे म्हणून काही जण ही व्युत्पत्ती वाचवू पाहतात, पण हित्तींच्या पाट्यांत ते स्थानिक देशनाम म्हणून आधीच येत असल्याने तो मार्गही मला दुबळा वाटतो. ‘अस्सुवा’ या शब्दाच्या मूळ अर्थावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि वर्गात तसेच सांगावे.

‘उषा’विषयीचे उत्तर अधिक सरळ आहे. संस्कृत ‘उषस्’ या शब्दाचे ग्रीक भावंड भाषाशास्त्राला चांगले परिचित असून ते ‘इऑस’ हे आहे, आणि लॅटिनमध्ये त्याच कुळातील शब्द ‘अरोरा’ हा आहे. एकाच मूळ शब्दातून नियमाने आलेले रूप ग्रीक भाषेत अगोदरच उभे असताना ‘आसिया’ हे त्याचे दुसरे रूप मानायला जागाच उरत नाही.

उगवतीवरून नावे पडतच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. ग्रीक ‘अनातोलिया’, इराणी ‘खोरासान’, अरबी ‘मश्रिक’ आणि जपानी ‘निप्पोन’ ही चारही नावे उगवत्या सूर्याशी निगडित आहेत. आशियाच्या बाबतीत तसा पुरावा नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आशियाचे मूळ आता स्पष्ट झाले. जंबुद्वीपाविषयीही कोणी लिहावे, कारण वर्गात सर्वाधिक आग्रह त्याचाच असतो.

प्रतिसाद : दक्षिणतीर

जंबुद्वीप आणि आशिया यांना समानार्थी मानणे दोन्ही कल्पनांवर अन्याय करणारे आहे, असे माझे ठाम मत आहे. विष्णुपुराणादी ग्रंथांत पृथ्वीवर जंबु, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर अशी सात द्वीपे सांगितली आहेत. ती एकाभोवती एक वलयासारखी असून मधोमध जंबुद्वीप आहे, त्याचा विस्तार एक लक्ष योजने आहे, मध्यभागी मेरू आहे, आणि त्याच्या नऊ वर्षांपैकी, म्हणजे भूभागांपैकी, हिमालयाच्या दक्षिणेचे ते भारतवर्ष. जांभळाच्या ज्या महावृक्षावरून हे नाव पडले, त्याच्या फळांच्या रसाची नदी वाहते असे वर्णनही तेथे येते. ही विश्वरचना आहे. तिच्यात मनुष्याचे स्थान, कर्मभूमी आणि दिशा यांचा विचार आहे, आणि उरल पर्वताजवळ संपणाऱ्या आधुनिक खंडाच्या सीमा तिच्यावर बसवता येत नाहीत. ती उरलची सीमादेखील अठराव्या शतकात श्ट्रालेनबेर्ग आणि तातिश्चेव या अभ्यासकांच्या लेखनातून रूढ झाली, त्यापूर्वी युरोपीय लेखक डॉन नदीला सीमा मानत असत.

दुसरीकडे, अशोकाच्या लघु शिलालेखांत, उदाहरणार्थ रूपनाथ आणि मास्की येथे, ‘जंबुद्वीप’ हा शब्द येतो आणि तेथे तो त्याच्या राज्याच्या भूमीला उद्देशून आहे. म्हणजे एकाच शब्दाचा पल्ला कधी विश्वाएवढा, तर कधी राज्याएवढा होता. बौद्ध परंपरेत मेरूच्या चार दिशांना चार द्वीपे असून दक्षिणेचे ते जंबुद्वीप होय, आणि ही कल्पना धर्माबरोबर चीन व जपानपर्यंत गेली. क्योतो येथे १७१० साली होतान नावाच्या भिक्षूने जगाचा जो नकाशा छापला, त्याच्या नावातच जंबुद्वीप आहे. त्याच्या मध्यभागी बौद्ध कल्पनेतील अनवतप्त सरोवर आहे, दक्षिणेला भारत ठळकपणे पसरलेला आहे आणि युरोप वरच्या कोपऱ्यात बेटांच्या रूपात दाखवलेला आहे. हा नकाशा मुलांना अवश्य दाखवावा.

चीनमध्ये ‘आशिया’ हे नाव पोहोचले ते जेझुइट पाद्री मातेओ रिच्ची यांच्या १६०२ च्या जागतिक नकाशातून, आणि तेथे ते ‘या-शी-या’ असे केवळ उच्चार जुळवून लिहिलेले आहे. आज त्याचे ‘याचौ’ असे संक्षिप्त रूप वापरात असून त्यातील ‘चौ’ म्हणजे खंड. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत ‘द्वीप’ या शब्दासाठी हेच ‘चौ’ अक्षर योजलेले आहे. त्यामुळे जंबुद्वीपाचे चिनी नाव आणि आशियाचे चिनी नाव यांचे शेवटचे अक्षर एकच आहे. या दोन नावांत जवळीक शोधायचीच असेल, तर ती येथे सापडते.

प्रतिसाद : ओवीकार

भाषांतील रूपांविषयी थोडक्यात लिहिते. हिंदी, गुजराती आणि बंगालीत ‘एशिया’ असे रूप आहे, तर तमिळ व तेलुगूत मराठीप्रमाणेच आरंभी ‘आ’ आहे. अरबी, फारसी, पोर्तुगीज, जर्मन या भाषांतही आरंभीचा स्वर ‘आ’ किंवा त्याच्या जवळचा आहे, आणि ‘ए’ हा इंग्रजी उच्चाराचा विशेष आहे. तेव्हा ‘आशिया’ हे अशुद्ध रूप आहे असे कोणी म्हटल्यास ते मानण्याचे कारण नाही.

मला याहून रोचक वाटतो तो ‘खंड’ हा आपला शब्द. हिंदीने या अर्थी ‘महाद्वीप’ आणि बंगालीने ‘महादेश’ स्वीकारला, तर मराठी, गुजराती, कन्नड आणि तेलुगूने ‘खंड’ ठेवला, आणि तमिळमधील ‘कंडम्’ हाही त्याचाच अवतार आहे. महाभारताच्या भीष्मपर्वातील पहिल्या उपपर्वाचे नाव ‘जंबुखंडविनिर्माणपर्व’ असे आहे आणि त्यात संजय धृतराष्ट्राला पृथ्वीची रचना सांगतो. संकल्पातील ‘भरतखंड’ म्हणजे मोठ्या भूमीचा एक भाग. मराठीत आज तोच शब्द त्या संपूर्ण मोठ्या भूमीसाठी वापरला जातो.

प्रतिसाद : मातीची पाटी

ओवीकार यांच्या माहितीत एका गोष्टीची भर घालतो. ग्रीक भाषेत खंडाला ‘एपेरोस’ म्हणत, आणि त्याचा मूळ अर्थ ‘बेटांवरून दिसणारी मुख्य भूमी’ असा होता. बेटांवरच्या लोकांना समोर दिसणारा किनारा तो एपेरोस, आणि आयोनियाच्या बेटांसमोर असा किनारा होता तो लिडियाचा, म्हणजे मूळच्या आशियाचा. बेटांवरून पाहणाऱ्यांना त्या भूमीचा अंत कोठेच दिसत नव्हता, म्हणून किनाऱ्याचे नाव ते आतील भूमीलाही लावत गेले. माझ्या मते या नावाच्या विस्ताराचे सर्वांत साधे स्पष्टीकरण हेच आहे.