३० पट झूम, ओआयएस आणि यात्रेची छायाचित्रे : फोनच्या कॅमेऱ्यात नेमके काय घडते?

चाटी गल्लीकर

सर्व सभासदांना नमस्कार. यंदा सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याच्या दिशेने पुढे सरकणे गर्दीमुळे अशक्य झाले, तेव्हा मी साधारण १०० मीटरवरच्या एका गच्चीवरून फोनने नंदीध्वजांची (मिरवणुकीतील उंच काठ्यांची) छायाचित्रे घेतली. फोनच्या खोक्यावर ३० पट झूम, ओआयएस (यांत्रिक स्थिरीकरण) आणि ईआयएस (संगणकीय स्थिरीकरण) असे तिन्ही ठळक अक्षरांत छापलेले आहे, आणि त्याच भरवशावर मी लांबची जागा स्वीकारली होती. मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आणि ३ पटीचा वेगळा टेलिफोटो (लांबचे टिपणारा) कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आहे.

३ पटीची छायाचित्रे समाधानकारक आली. १० पटीला मात्र बाराबंदी घातलेल्या मानकऱ्यांचे चेहरे अनैसर्गिक गुळगुळीत दिसतात आणि ३० पटीला तर चेहऱ्याच्या जागी रंगांचे डाग उरतात, तरीही प्रत्येक छायाचित्राच्या माहितीत १२ मेगापिक्सेल असेच लिहून येते. हे कसे? शिवाय होम मैदानावर रात्री गड्ड्यातून, म्हणजे यात्रेतल्या जत्रेतून, चालत घेतलेली चित्रफीत स्थिर वाटते खरी, पण दिव्यांच्या कडा क्षणोक्षणी फिसकटतात. दिवसा असे होत नाही. संध्याकाळनंतर ३ पटीचे बटण दाबले तरी चित्राचा दर्जा एकदम घसरतो, हीही एक अडचण आहे. फोन बदलावा की माझी पद्धत बदलावी, हे ठरवण्याआधी आतील कार्य समजून घ्यावे असे वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

भिंग आणि प्रकाश

नमस्कार. मी पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

खोक्यावरचा ३० हा आकडा एकाच गोष्टीचा नाही. बहुतेक फोनांत भिंगे पुढे-मागे सरकून झूम होत नाही. ठरावीक केंद्रांतराचे (फोकल लेंग्थचे) दोन-तीन स्वतंत्र कॅमेरे असतात आणि बोटाने झूम वाढवत नेले की फोन एकावरून दुसऱ्यावर उडी घेतो. सलग सरकणाऱ्या भिंगांचे प्रयोग झाले आहेत, उदाहरणार्थ सोनीने २०२२ मध्ये एक्सपिरिया १ मार्क ४ या फोनात ८५ ते १२५ मिलिमीटरच्या दरम्यान खरा प्रकाशीय झूम दिला, परंतु ते अपवादच. आपल्या फोनात १ पटीला मुख्य कॅमेरा आणि ३ पटीला टेलिफोटो, एवढ्या दोनच जागी काचेने आपले काम केलेले आहे. मधल्या आणि वरच्या सर्व पायऱ्यांवर चित्राचा मधला तुकडा कापून तो मोठा केला जातो.

आता आपल्याच गच्चीचा हिशेब करू. मुख्य कॅमेरा पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावरील २४ मिलिमीटरच्या भिंगाइतका परिसर टिपतो असे धरले, तर ३ पटीचा टेलिफोटो ७२ मिलिमीटरचा ठरतो. १०० मीटरवर त्याच्या चौकटीत सुमारे ५० मीटर रुंदीचे दृश्य मावते आणि ते ४००० पिक्सेलांत वाटले जाते, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला सव्वा सेंटिमीटर येतो. माणसाचा चेहरा १५ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याला मिळाले १२ पिक्सेल. यापुढे झूम १० पटीला नेला काय किंवा ३० पटीला नेला काय, त्या १२ पिक्सेलांत भर पडत नाही. ३० पटीला टेलिफोटोच्या चौकटीचा एक शतांश भागच वापरात राहतो, म्हणजे १ लाख २० हजार पिक्सेल; उरलेले सुमारे १ कोटी १९ लाख पिक्सेल फोन शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरतो आणि फाइलवर १२ मेगापिक्सेल असा शिक्का मारतो. गुळगुळीत चेहरे हा त्या अंदाजाचा परिणाम आहे, कारण थोड्या माहितीतील दाणेदारपणा (नॉइज) दडपताना त्वचेच्या रेषाही दडपल्या जातात.

पिक्सेल वाढवले तर प्रश्न सुटेल का? पूर्णपणे नाही, आणि जाहिरातींत सहसा न येणारा भाग हाच आहे. अशा टेलिफोटोचे प्रकाश आत घेणारे तोंड ३ ते ४ मिलिमीटरचे असते. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, म्हणजे विवर्तन होते, आणि त्या हिशेबाने १०० मीटरवरच्या दोन बिंदूंमध्ये सुमारे २ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर ते वेगळे दिसू शकत नाहीत. मनुष्याचा डोळाच जेमतेम ३ सेंटिमीटर रुंद असतो. तेव्हा त्या गच्चीवरून मानकऱ्यांच्या डोळ्यांतील भाव टिपण्याची अपेक्षा कोणत्याही संगणकीय करामतीने खऱ्या अर्थाने पुरी होणार नाही. करामत डोळे रंगवून देईल, टिपून देणार नाही. पाठीला मोठे भिंग लावून फिरणाऱ्या छायाचित्रकारांच्या २०० मिलिमीटर, एफ २.८ भिंगाचे तोंड ७१ मिलिमीटरचे असते, यावरून फरक लक्षात यावा.

मोठे केंद्रांतर पातळ फोनात बसवण्यासाठी काही कंपन्या लोलक वापरून प्रकाशाला काटकोनात वळवतात आणि भिंगे फोनच्या लांबीच्या दिशेने आडवी मांडतात. हुआवेच्या पी३० प्रोमध्ये २०१९ साली ५ पटीची अशी रचना आली. २०२३ च्या आयफोन १५ प्रो मॅक्समध्येही प्रकाश अनेकदा वळवूनच १२० मिलिमीटरपर्यंत मजल मारली आहे. दुसरा मार्ग मोठ्या संवेदकाचा (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा). नोकियाने २०१२ मध्ये ८०८ प्युअरव्ह्यू या फोनात ४१ मेगापिक्सेलचा संवेदक बसवून मधला तुकडा कापूनच झूम दिला होता. आपल्या ५० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २ पट झूम याच तत्त्वावर चांगला येतो, कारण मध्यभागाचे साडेबारा मेगापिक्सेल तिथे खरोखर उपलब्ध असतात. प्रकाश भरपूर हवा, एवढीच अट. सर्वांत वाईट जागा २.७ ते २.९ पटीची: तिथे टेलिफोटो सुरू झालेला नसतो आणि मुख्य कॅमेऱ्याची पुंजी संपत आलेली असते. म्हणून ३ पटीपर्यंत तरी २, ३ अशा बटणांवरच थांबावे.

संध्याकाळी ३ पटीचा दर्जा का घसरतो, याचे बहुधा कारण असे की फोन त्या वेळी टेलिफोटो वापरतच नाही. टेलिफोटोचा संवेदक लहान आणि त्यावर पोहोचणारा प्रकाश कमी, त्यामुळे अंधुक उजेडात फोन आपल्याला न विचारता मुख्य कॅमेऱ्याचा तुकडा कापून ३ पट म्हणून दाखवतो. खात्री करणे सोपे आहे. ३ पट निवडून टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवावे. पडद्यावर चित्र तसेच दिसत राहिले तर मुख्य कॅमेरा चालू आहे. फार जवळच्या वस्तूंच्या बाबतीतही हेच घडते, कारण टेलिफोटो जवळ केंद्रित होऊ शकत नाही.

भिंग आणि प्रकाश

स्थिरीकरणाविषयी स्वतंत्रपणे लिहिते, कारण तिथे दोन अगदी भिन्न यंत्रणा एकाच नावाखाली वावरतात.

ओआयएस ही यांत्रिक सोय आहे. फोनमधील जायरोस्कोप हात किती आणि कोणत्या दिशेने वळला हे सेकंदाला शेकडो वेळा मोजतो, आणि चुंबक व तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने भिंग उलट दिशेला किंचित सरकवले जाते. २०१२ च्या नोकिया लुमिया ९२० पासून फोनांत ही सोय दिसू लागली. आयफोन १२ प्रो मॅक्समध्ये २०२० साली भिंगाऐवजी संवेदकच हलवला गेला. ईआयएसमध्ये मात्र काहीही हलत नाही. शिंपी शिवणीत माया सोडतो त्याप्रमाणे फोन चौकटीच्या कडेने थोडा भाग राखून ठेवतो आणि प्रत्येक चौकट त्या राखीव जागेत सरकवून मागच्या चौकटीशी जुळवतो. म्हणूनच चित्रफीत सुरू करताच दृश्य थोडे जवळ आल्यासारखे दिसते.

यातून आपल्या गड्ड्यातील चित्रफितीचे उत्तर मिळते. रात्री एका चौकटीसाठी प्रकाश गोळा करायला वेळ लागतो, सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रफितीत तो जास्तीत जास्त एक तीसांश सेकंद. तेवढ्या अवधीत पाऊल पडले की पाळण्याचा दिवा त्या एकाच चौकटीत रेघोटीसारखा उमटतो. ईआयएस चौकट जागेवर आणते, पण चौकटीच्या आत उमटलेली रेघ पुसू शकत नाही. ती रेघ उमटू न देणे हे ओआयएसचे काम. पण त्याची हालचाल अगदी मर्यादित असते आणि चालताना बसणारे धक्के त्या मर्यादेबाहेर जातात. रात्री उभे राहून घेतलेल्या चित्रफितीत हा दोष बराच कमी होतो.

झूम वाढवल्यावर थरथर का वाढते, तेही पाहा. हात एका अंशाच्या दहाव्या भागाने वळला तर १ पटीला चित्र सुमारे ५ पिक्सेलांनी सरकते, १० पटीला तेच सरकणे ४६ पिक्सेलांचे होते. आणि दोन्ही यंत्रणा फक्त आपल्या हाताची हालचाल भरून काढतात. नंदीध्वज स्वतः डुलत असेल, अक्षता हवेत उडत असतील, तर त्यांना गोठवायला शटरचा वेगच लागतो. दुपारच्या उन्हात प्रो मोडमध्ये (जिथे शटर स्वतः ठरवता येते) तो सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका ठेवणे सहज शक्य आहे.

एक गमतीची गोष्ट सांगते. हाताची थरथर नेहमी शत्रूच असते असे नाही. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल ३ फोनात आणलेल्या पद्धतीत लागोपाठ घेतलेल्या अनेक चौकटी किंचित सरकलेल्या असतात, याचाच उपयोग करून त्यांतील तपशील एकत्र केले जातात. फोन तिपाईवर अगदी स्थिर असेल तर ओआयएसचे भिंग मुद्दाम थोडे हलवून ती थरथर निर्माण केली जाते.

नवी पेठ दुरुस्ती

मॅडमनी तत्त्व सांगितले आहे, मी दुकानातला अनुभव जोडतो. फोन कानाजवळ हलवल्यावर कॅमेऱ्यातून खुळखुळ आवाज येतो, अशी तक्रार घेऊन अनेक जण येतात. कॅमेरा बंद असताना ओआयएसचे भिंग सैल असते, त्यामुळे तो आवाज साधारण असतो. त्यासाठी पैसे खर्च करू नयेत. मात्र कॅमेरा चालू असताना पडद्यावरील चित्र आपोआप लाटेसारखे थरथरत असेल किंवा केंद्रीकरण होताना गुणगुण ऐकू येत असेल, तर ओआयएसचा भाग बिघडला असण्याची शक्यता मोठी आहे. तो भाग सुटा मिळत नाही, पूर्ण कॅमेरा बदलावा लागतो.

असे फोन आणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो तो मोटारसायकलच्या हँडलवर फोन बसवता का, हा. इंजिनाची जोरदार कंपने सतत बसत राहिली तर ओआयएस असलेल्या कॅमेऱ्याचा दर्जा घसरू शकतो, असे ॲपलनेच २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना कळवले होते, आणि तत्त्व इतर फोनांनाही लागू आहे. कॅमेऱ्याजवळ चुंबक येईल असे गाडीतील धारक किंवा कव्हरही टाळलेले बरे, कारण आतले भिंग चुंबकानेच सरकते.

माळरान

माझा संबंध पक्ष्यांशी, त्यामुळे लांबच्या विषयांची सवय आहे. नान्नजच्या माळावर एप्रिल-मेमध्ये दहा वाजल्यानंतर लांबचा काळवीट कोणत्याही झूमने स्पष्ट येत नाही, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा सतत उकळल्यासारखी हलते आणि स्थिरीकरणाचा त्यावर काही इलाज चालत नाही. सकाळी लवकर जावे, एवढाच उपाय. यात्रेच्या वेळी, जानेवारीत, सकाळी हा त्रास फारसा जाणवणार नाही, परंतु गच्चीचा पत्रा दुपारी तापला असेल तर त्यावरून नेम धरू नये.

माझे वेगळे मत एका बाबतीत आहे. फोनचा झूम वापरूच नये, १ पटीला ५० मेगापिक्सेलमध्ये छायाचित्र घ्यावे आणि घरी निवांत कापावे, असे मी सर्वांना सांगतो.

भिंग आणि प्रकाश

माळरान यांच्या मताशी मी अर्धीच सहमत आहे. २ पटीपर्यंत त्यांचा सल्ला उत्तम, कारण नंतर चौकट बदलण्याची मुभा राहते. परंतु वेगळा टेलिफोटो असताना १ पटीतून ३ पटीचा तुकडा कापणे म्हणजे साडेपाच मेगापिक्सेलवर समाधान मानणे होय, आणि दिवसाच्या उजेडात टेलिफोटो त्याहून सरस ठरतो. ३ पटीच्या पुढे ४ ते ६ पटीपर्यंत फोनचाच झूम वापरून पाहावा, कारण त्या वेळी फोन अनेक चौकटी एकत्र करतो. घरी एकच चौकट कापून तो लाभ मिळत नाही.

चाटी गल्लीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोट ठेवून पाहण्याचा प्रयोग आताच केला. घरातल्या दिव्याखाली ३ पटीला मुख्य कॅमेराच चालू आहे. फोन बदलण्याचा विचार सोडून पुढच्या यात्रेला जवळची जागा शोधतो. शोभेच्या दारूकामाविषयी कोणी दोन शब्द लिहील काय?

माळरान

दारूकामासाठी झूम अजिबात नको. १ पट, फोन तिपाईवर किंवा कठड्याला घट्ट टेकवून, २ सेकंदांचा टायमर, आणि प्रो मोडमध्ये आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) १०० च्या आसपास ठेवून १ ते २ सेकंदांचे शटर. नाइट मोड बंद ठेवावा, कारण तो अनेक चौकटी जोडताना फुलांच्या रेघा तोडतो. चित्रफीत घेणार असाल आणि फोन तिपाईवर असेल तर ईआयएस बंद करावे, नाहीतर आकाशातील हालचालीला हाताची हालचाल समजून काही फोन चौकट उगाच सरकवतात. तलावाच्या पाण्यात प्रतिबिंब हवे असल्यास मात्र जागा दुपारीच धरावी लागेल.