चालू गेस्टला रॅम जोडली, तर होती तीही कमी झाली

घाटमाथा: केव्हीएमवरचा (आभासी यंत्रं चालवणारी लिनक्सची सोय) लिनक्स गेस्ट, म्हणजे आभासी यंत्र, कर्नल ६.१, रॅम ४ जीबी. चालू असतानाच ६४ जीबीची डिम (रॅमची पट्टी, इथे आभासी) जोडली. 'फ्री' (मेमरीचा हिशेब देणारी कमांड) एकूण ४ जीबीच दाखवतंय, वर वापर जवळपास १ जीबीने वाढला आणि ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्राम बंद पाडणारी कर्नलची यंत्रणा) डेटाबेस मारला. 'एलएसमेम' कमांडमध्ये नवे ब्लॉक (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) ऑफलाइन आहेत. गरज संपली की ही मेमरी काढूनही घ्यायची आहे.

रिकामी_चौकट: जोडणं आणि वापरात आणणं, ही कर्नलच्या लेखी दोन वेगळी कामं. जोडताना प्रत्येक ४ केबी पानामागे ६४ बाइटचं 'स्ट्रक्ट पेज', म्हणजे त्या पानाची नोंद, तयार होतं. ६४ जीबीला ते बरोबर १ जीबी होतं आणि नवी मेमरी अजून बंद असल्याने जुन्या ४ मधूनच जातं. पानं मेमरी वाटणाऱ्या बडी अलोकेटरच्या हाती पडतात ती ब्लॉक ऑनलाइन केल्यावर.

आत्तापुरतं 'सीएचमेम' कमांडने ब्लॉक चालू करा. पुढच्या वेळी डिम जोडण्याआधीच सिसएफएसमधल्या (कर्नलची सेटिंग दाखवणाऱ्या फाइली) 'ऑटो_ऑनलाइन_ब्लॉक्स'मध्ये 'ऑनलाइन' लिहून ठेवा. 'स्ट्रक्ट पेज'ची ही नोंदवही नव्या मेमरीतच ठेवणारा 'मेममॅप_ऑन_मेमरी' पर्याय कर्नल ५.१३ पासून आहे, पण तेव्हा तो एका वेळी एकाच ब्लॉकएवढी मेमरी जोडली तरच लागू व्हायचा. अनेक ब्लॉकांच्या डिमला तो ६.८ पासून चालतो. म्हणजे तुमच्या ६.१ वर उपयोग शून्य.

सांधेजोड: काढायची असेल तर नुसतं 'ऑनलाइन' नको, 'ऑनलाइन_मुव्हेबल' करा, म्हणजे फक्त हलवता येणारी पानं ठेवणाऱ्या झोनमध्ये (मेमरीच्या विभागात) घाला. साध्या झोनमधल्या ब्लॉकात स्लॅब किंवा पेज टेबलचं (कर्नलच्या स्वतःच्या कामाचं) एखादं पान जाऊन बसलं की ते हलवता येत नाही. ऑफलाइन करताना 'ईबिझी' ('वापरात आहे' असा एरर) मिळतो. आणि एक ब्लॉक अडला की अख्खी डिम अडली.

घाटमाथा: मग सगळे ६४ मुव्हेबल करतो.

सांधेजोड: नका करू! कर्नलची स्वतःची कामं मुव्हेबल झोनमधून भागत नाहीत, ती सगळी त्या ४ जीबीवरच येतील. ५० जीबी मोकळी दिसत असताना ओओएम होतो तो असा. मुव्हेबल आणि उरलेल्या मेमरीचं प्रमाण साधारण ३:१, फार तर ४:१. एकच ६४ ची डिम घेण्यापेक्षा १६ आणि ४८ अशा दोन घ्या. १६ ची 'ऑनलाइन_कर्नल' करा आणि ती परत मिळेल ही आशा सोडा. ४८ ची मुव्हेबल. २० ला ४८, निभावतं.

रिकामी_चौकट: वारंवार कमीजास्त करायची असेल तर डिमचा नाद सोडून व्हर्टिओ-मेम (गेस्टची मेमरी कमीजास्त करणारं आभासी उपकरण) बघा. गेस्टमध्ये कर्नल ५.८ पासून आहे, मेमरी लहान तुकड्यांत परत घेतो.