बेफंजमध्ये शून्याने भागणं ही चूक नाही

बेफंज ही मुद्दाम विचित्र बनवलेली प्रोग्रामिंग भाषा, तिचा कोड एका चौकोनात मांडलेला असतो. ब्राउझरमधल्या बेफंज इंटरप्रिटरने (कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) शून्याने भागल्यावर सरळ एरर द्यावी, अशी एक सूचना आलीय. मला ते पटत नाही. ख्रिस प्रेसीच्या १९९३ च्या मूळ बेफंजमध्ये भाजक शून्य असेल तर उत्तर काय हवं हे वापरणाऱ्यालाच विचारायचं असतं. तो प्रश्न काढला की ती भाषाच राहत नाही.

असा इंटरप्रिटर जावास्क्रिप्टमध्ये लिहिताना खरी मेख वेगळीच आहे. ७ भागिले २ केलं की ३.५ येतं, बेफंजला ३ हवेत. रिकाम्या स्टॅकमधून (आकडे एकावर एक रचून ठेवायच्या जागेतून) शून्य मिळायला हवं, पण जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या अ‍ॅरेचं (यादीचं) पॉप, म्हणजे शेवटची किंमत काढणं, अनडिफाइन्ड (‘किंमतच नाही’) देतं आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. कोडचा ८० बाय २५ चा चौकोनही तेवढाच ठेवा. स्ट्रिंग मोडमध्ये (अक्षरं सूचना न मानता जशीच्या तशी स्टॅकवर टाकताना) चौकोनाची कड ओलांडून पलीकडून आत येताना वाटेतल्या रिकाम्या जागाही स्टॅकवर चढतात. चौकोन मोठा केलात तर तिथे आउटपुट बदलतं.

मालबोल्ज या अशाच दुसऱ्या विचित्र भाषेचं प्रकरण निराळं. १९९८ च्या त्या भाषेचं लिखित वर्णन आणि मूळ इंटरप्रिटर यांच्यात इनपुट आणि आउटपुटच्या सूचना उलटसुलट आहेत. तिथे मी इंटरप्रिटरच्या बाजूने, कारण लोकांचे प्रोग्राम त्यालाच धरून लिहिलेले आहेत. फरक मात्र इंटरप्रिटरच्या पानावर ठळक लिहा.